विश्लेषण : चिमूटभर नॅनोपदार्थ पोतेभर का होत नाही?

रसायन अभियांत्रिकीत एमटेक, पीएचडी करणारे अनेक विद्यार्थी आज नॅनोपदार्थांवर संशोधन करतात. प्रयोग यशस्वी होतो, शोधनिबंध छापला जातो; पदार्थ मात्र क्वचितच कारखान्यापर्यंत पोहोचतो. असे का?

नॅनो म्हणजे किती लहान?
१ नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. १ सेंटिमीटर बाजूच्या घनाचे १ नॅनोमीटरचे तुकडे केले, तर त्यांचा एकूण पृष्ठभाग ६,००० चौरस मीटर, म्हणजे जवळपास दीड एकर भरतो. पृष्ठभाग जितका मोठा, तितका क्रियेला वाव अधिक. आयआयटी मद्रासचे प्रा. टी. प्रदीप यांच्या गटाने पाण्यातील आर्सेनिक काढणारे ‘अमृत’ तंत्र याच गुणावर उभे केले आणि ते गावांच्या पाणी योजनांपर्यंत नेले. पण असे यश थोड्यांनाच मिळते.

घोडे अडते कुठे?
छोट्या चंचुपात्रात दोन द्रावणे क्षणात मिसळतात. १,००० लिटरच्या टाकीत तसे होत नाही. एकीकडे कण आधी तयार होतात, दुसरीकडे उशिरा. कणांचा आकार बदलला की गुणही बदलतात. उष्णतेचेही तेच. भांड्याची लांबी, रुंदी, उंची १० पट केली तर आतला द्रव १,००० पट होतो. उष्णता बाहेर टाकणारा पृष्ठभाग मात्र १०० पटच वाढतो.

उपाय आहे का?
आहे. मोठ्या टाकीऐवजी बारीक नळ्यांतून द्रावणे सतत वाहती ठेवायची. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. अमोल कुलकर्णी यांच्या गटाने चांदीच्या नॅनोतारा अशाच वाहत्या प्रक्रियेने बनवल्या.

मग अडचण कशाची?
मोजमापाची. केंद्राने २००७ मध्ये नॅनो मिशन सुरू केले, महागडी उपकरणे आली. पण विद्यार्थ्याचे मोल आजही बहुतांशी शोधनिबंधांवरच ठरते. ग्रॅमभर नवा पदार्थ केला की निबंध होतो. तोच किलोभर, तितकाच चांगला करण्यात दोन वर्षे गेली, तर छापण्याजोगे फारसे हाती लागत नाही. शिष्यवृत्तीची मुदत मात्र सरत असते. मग विद्यार्थी पुढच्या पदार्थाकडे वळतो.

वास्तविक, चंचुपात्रातले कारखान्यात आणणे हेच रसायन अभियंत्याचे मूळ काम. तेव्हा किलोभर पदार्थाला खर्च किती, सांडपाणी किती, याचे एक प्रकरण प्रत्येक प्रबंधात असावे आणि त्याला निबंधाइतकेच गुण मिळावेत. फसलेला प्रयोगही त्यात मोजला जावा. नाहीतर करदात्यांच्या पैशातून बनलेली चिमूट प्रयोगशाळेच्या कपाटातच राहील.