रायफलमध्ये ‘रायफल’ नेमकी कुठे असते?

बीजीएमआय खेळणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. एम४१६ हातात आली की आधी कॉम्पेन्सेटर शोधायचा, मग व्हर्टिकल ग्रिप, टॅक्टिकल स्टॉक, एक्स्टेंडेड मॅग आणि नशीब असेल तर सिक्स-एक्स. गोळ्या ५.५६ च्या. एकेएमला लागतात ७.६२ च्या, आणि बॅगेत चुकीच्या भरल्या की टीममेट शिव्या घालतो.

अमेरिकेत हाच उद्योग लोक खऱ्या रायफलवर करतात. बॅरल एका कंपनीची, ट्रिगर दुसरीचा, स्टॉक तिसरीचा, कॅलिबर आपल्या आवडीचं. सेमी-ऑटोमॅटिक रायफल, म्हणजे ट्रिगर एकदा दाबला की एकच गोळी सुटते, पण पुढची आपोआप चेंबरमध्ये येऊन बसते. अशी रायफल घरी जोडणं हा तिथे रीतसर छंद आहे. आणि गेली काही वर्षं हा छंद थेट सुप्रीम कोर्टात जाऊन बसलाय. कारण प्रश्न साधा दिसतो, पण आहे भलताच अवघड: सुटे भाग कुठे संपतात आणि बंदूक कुठे सुरू होते?

या छंदाच्या मध्यभागी आहे एआर-१५. यातलं ‘एआर’ म्हणजे ‘असॉल्ट रायफल’ नव्हे, आर्मालाइट या कंपनीचं नाव आहे ते. यूजीन स्टोनर या इंजिनीअरचं हे डिझाइन १९५९मध्ये कोल्ट कंपनीनं विकत घेतलं. त्यातून सैन्याची एम-१६ झाली आणि १९६४पासून सामान्य लोकांसाठी सेमी-ऑटो आवृत्ती विकायला आली. १९७७मध्ये पेटंट संपलं आणि खरा खेळ तिथून सुरू झाला. मापं सगळ्यांना माहीत, त्यामुळे कुणीही भाग बनवावेत आणि कुणाचाही भाग कुणालाही बसावा. लॅमिंग्टन रोडवर जाऊन पीसी असेंबल करतो ना आपण, रॅम एकाकडून आणि ग्राफिक्स कार्ड दुसऱ्याकडून, तसंच.

पण एवढ्या सुट्या भागांपैकी कायद्यानं लक्ष कशावर ठेवायचं? १९६८च्या गन कंट्रोल ॲक्टनं उत्तर दिलं: फ्रेम किंवा रिसिव्हरवर. एआर-१५मध्ये याचा अर्थ झाला लोअर रिसिव्हर. तळहाताएवढा तुकडा, बहुतेक वेळा ॲल्युमिनियमचा, ज्यात ट्रिगर बसतो आणि मॅगझिन अडकतं. त्याच्यावर सीरियल नंबर. तो दुकानातून घेताना फॉर्म भरायचा, पार्श्वभूमीची तपासणी होऊ द्यायची. बॅरल, बोल्ट, स्टॉक, दुर्बीण मात्र बुटांसारखी कुरिअरनं घरी येते. गंमत बघा, गोळीचा स्फोट ज्या भागात होतो आणि ती ज्या नळीतून सुटते, ते भाग कायद्याच्या लेखी निव्वळ ‘ॲक्सेसरी’. ज्याला स्फोटाची झळही लागत नाही, तो तुकडा म्हणजे ‘बंदूक’.

एकच तुकडा मोजायचा म्हटल्यावर बाजारानं काय केलं असेल? तो तुकडा अर्धवट विकायला काढला. शेवटचं थोडं काम बाकी, म्हणून तो अजून रिसिव्हर नाही, म्हणून नंबर नाही, म्हणून तपासणीही नाही. स्वतःच्या वापरासाठी घरी बंदूक बनवायला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार लायसन्स लागत नाही, त्यामुळे ही पळवाट आणखीच रुंद झाली. अशा बिननंबरी शस्त्रांना ‘घोस्ट गन’ म्हणतात. (आपला गावठी कट्टाही बिननंबरीच, फक्त त्याचं मार्केटिंग इतकं चकाचक नसतं.) २०१७मध्ये अमेरिकी पोलिसांनी माग काढण्यासाठी केंद्राकडे पाठवलेल्या घोस्ट गन साधारण १,६०० होत्या. २०२१मध्ये हा आकडा १९ हजारांच्या वर गेला.

२०२२मध्ये बायडेन सरकारनं नियम आणला की असे किट आणि अर्धवट रिसिव्हरही बंदुकीतच मोजायचे. खटला झाला आणि २६ मार्च २०२५ला सुप्रीम कोर्टानं ७ विरुद्ध २ मतांनी नियम उचलून धरला. निकाल लिहिला न्यायमूर्ती गॉर्सच यांनी, म्हणजे ट्रम्प यांनीच नेमलेल्या न्यायाधीशांनी. त्यांचा एक दाखला भारी आहे. आयकियातून आणलेलं टेबल जोडायला अजून कित्येक तास जाणार असले तरी आपण त्याला टेबलच म्हणतो. नवी मुंबईत तुर्भ्याच्या आयकियातून खोका उचलून घरी आलेल्या कुणालाही हे पटेल. पण निकाल नीट वाचला तर कोर्टानं एवढंच म्हटलंय की निदान काही किट या नियमात नक्की बसतात. किती अर्धवट म्हणजे पुरेसं अर्धवट, ही रेघ ओढायची राहिलीच आहे.

आता कॅलिबरकडे येऊ. गेममधला ५.५६ हा आकडा गोळीच्या जाडीचा, मिलिमीटरमध्ये. आपल्या इन्सास रायफलचीही गोळी हीच. एआर-१५ जन्मापासून हिच्यावर किंवा हिच्या नागरी बहिणीवर, .२२३वर चालते. गोळी हलकी, वेगवान, धक्का कमी, दारूगोळा स्वस्त. मग लोक बदलतात का? काहींना शिकारीला जड गोळी हवी असते. अमेरिकेतल्या काही राज्यांत.२२३नं हरणाची शिकार करायला परवानगीच नाही. काहींना बॅरल आखूड हवी असते किंवा आवाज दाबायचा असतो, ते .३०० ब्लॅकआउटकडे जातात. तिच्यासाठी तोच बोल्ट, तेच मॅगझिन चालतं, बदलते ती फक्त बॅरल. धोकाही त्यातच आहे. ब्लॅकआउटची गोळी चुकून .२२३च्या बॅरलमध्ये गेली तर रायफल हातातच फुटू शकते. गेममध्ये निदान चुकीची गोळी लोडच होत नाही. .३०८ हवी असेल तर मात्र अख्खी रायफलच मोठ्या चणीची लागते. भारतीय लष्करानं २०१९मध्ये ७२,४०० सिग-७१६ रायफली घेतल्या ना, त्या याच थोरल्या पातीतल्या, ७.६२ बाय ५१ गोळीच्या.

कॅलिबरवर बंदी घालून बघितली गेली आहे. कॅलिफोर्नियानं २००४मध्ये .५० बीएमजी या अवाढव्य गोळीच्या रायफलींवर बंदीचा कायदा केला. थोड्याच काळात बॅरेट कंपनीची .४१६ गोळी बाजारात हजर. हे वाचून हसण्याआधी आपल्याकडे बघा. ब्रिटिश राजवटीनं लष्कराची .३०३ गोळी सामान्यांना बंद केली, आणि म्हणून जी बिगरलष्करी .३१५ इथे रुळली, तिच्या रायफली ईशापूरच्या सरकारी कारखान्यातच बनत आल्या.

आपल्या कायद्यात ‘प्रतिबंधित बोअर’ हा शब्द आजही जिवंत आहे. फरक असा, की आपण एका तुकड्यावर किंवा एका आकड्यावर सगळा भार टाकत नाही. आधी माणसाला लायसन्स, तेही २०१९च्या दुरुस्तीनंतर जास्तीत जास्त दोन शस्त्रांचं. आणि परवान्याशिवाय शस्त्र बनवलं तर सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा.

अमेरिका मात्र वस्तूच मोजत बसते. १९३४पासून बॅरल १६ इंचांहून आखूड असलेल्या रायफलीची नोंदणी आणि २०० डॉलर कर होता. १ जानेवारी २०२६पासून कर शून्य झाला, नोंदणी उरली. १९९४ ते २००४ची ‘असॉल्ट वेपन’ बंदी पिस्तूल ग्रिप, संगीन लावायची खाच असली वैशिष्ट्यं मोजायची, म्हणून कंपन्यांनी खाच काढून तीच रायफल विकली. कॅलिफोर्नियात हातानं मॅगझिन काढता येऊ नये म्हणून नियम होता, तर ‘बुलेट बटन’ निघालं. बोटानं दाबलं जात नाही, गोळीच्या टोकानं दाबलं जातं. ते २०१६च्या कायद्यानं बंद केलं.

माझं मत विचाराल तर ग्रिपचा आकार मोजण्यात काही अर्थ नाही. २४ मे २०२२ला टेक्सासमधल्या युव्हाल्डेच्या शाळेत १९ मुलं आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या. ती रायफल घोस्ट गन नव्हती, पळवाटेतून आलेली नव्हती. नुकतंच १८ वर्षं पूर्ण केलेल्या मुलानं ती कायदेशीर विकत घेतली होती, सीरियल नंबरासकट. वय किती हवं, मॅगझिनमध्ये गोळ्या किती, विकत घेणारा कोण, हे प्रश्न त्या तळहाताएवढ्या तुकड्यापेक्षा मोठे आहेत. जून २०२५मध्ये मेरीलँडच्या एआर-१५ बंदीचं प्रकरण ऐकायला सुप्रीम कोर्टानं नकार दिला, पण न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी सांगून ठेवलंय की हा प्रश्न कोर्टाला लवकरच हाती घ्यावा लागेल.

आणि एमएसला निघालेल्यांसाठी एक कामाची गोष्ट. एफ-१ व्हिसावर असताना, शिकारीच्या वैध लायसन्ससारखा एखादा अपवाद लागू नसेल, तर अमेरिकेत बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगणं हा केंद्रीय गुन्हा आहे, शिक्षा १५ वर्षांपर्यंत. शूटिंग रेंजवर रीलपुरती भाड्यानं घेतलेली रायफलही त्यात येते. रूममेट म्हणाला, ‘अरे चल, एकदा चालवून तर बघ,’ तरी.