सागाच्या जाळीदार पानांचे अभ्यासक

भाद्रपद सरत आला की मुकुटबनच्या परिसरातील साग दुरून करपल्यासारखा दिसू लागतो. जवळून पाहिले तर पान जागेवरच असते. परंतु त्यातील हिरवा भाग नाहीसा होऊन शिरांची तपकिरी जाळी तेवढी उरलेली असते. हे काम एका लहानशा पतंगाच्या अळीचे. पावसाळ्याच्या आरंभी कोवळी पालवी मुख्य शिरेपर्यंत फस्त करणारी अळी निराळ्या पतंगाची. बांधावर साग राखणाऱ्या गृहस्थापुढे मग फवारणी करावी काय, असा प्रश्न उभा राहतो, आणि तोही नेमका चातुर्मासात. झाड एकेंद्रिय, पतंग चतुरिंद्रिय. मग रक्षण कोणाचे करावे?

या प्रश्नाच्या व्यावहारिक बाजूचा अभ्यास करण्यात ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांपैकी तीन दिवंगत शास्त्रज्ञांचे आज स्मरण करावेसे वाटते.

पहिले एडवर्ड पर्सी स्टेबिंग (१८७२–१९६०). १९०६ साली देहरादून येथे वन संशोधन संस्था स्थापन झाली, त्या काळात भारतीय वनांतील कीटकांच्या शास्त्रशुद्ध नोंदीचा पाया त्यांनी घातला. वृक्षांना उपद्रव करणाऱ्या भुंगेऱ्यांवरील त्यांचा विस्तृत ग्रंथ १९१४ साली प्रसिद्ध झाला. कोणता कीटक कोणत्या झाडावर जगतो, याची ती जणू पहिली खतावणी होती.

दुसरे सिरिल बीसन (१८८९–१९७५). देहरादूनच्या संस्थेत त्यांनी वन-कीटकशास्त्राचे काम दीर्घकाळ सांभाळले. भारत आणि शेजारच्या देशांतील वनकीटकांचे जीवनचक्र व नियंत्रण यांवरील त्यांचा ग्रंथ १९४१ साली निघाला आणि पुढील पिढ्यांना तो आधारभूत ठरला. निवृत्तीनंतर इंग्लंडमध्ये त्यांनी जुन्या घड्याळांच्या इतिहासावर संशोधन केले. बारीकसारीक नोंदी ठेवण्याची वृत्ती त्यांना अखेरपर्यंत सोडून गेली नाही.

तिसरे जोधपूरचे मिठनलाल रूणवाल (१९०८–१९९०). त्यांनी टोळ, वाळवी आणि साल वृक्षाचा गाभा पोखरणारा भुंगेरा यांचा सखोल अभ्यास केला. देहरादून येथे काम केल्यानंतर १९५६ ते १९६५ या काळात ते भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे संचालक होते.

या शास्त्राने कीटक मारलेच नाहीत, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. सालाची ताजी खोडे ठेचून ठेवायची, रसाच्या वासाने भुंगेरे जमले की ते वेचून नष्ट करायचे, ही रीत मध्य प्रदेशात १९९७-९८ च्या मोठ्या प्रादुर्भावातही वापरली गेली. त्या भुंगेऱ्यामुळे उभे झाडच मरते, म्हणून हा मार्ग धरला गेला.

सागाचे मात्र तसे नाही. पाने गेली तरी साग सहसा मरत नाही. त्याला पुन्हा पालवी फुटते. हानी होते ती वाढीची. केरळच्या वन संशोधन संस्थेने निलंबूर येथील कोवळ्या सागवनात केलेल्या अभ्यासात, आरंभीची पालवी खाणाऱ्या अळीमुळे लाकडाची सुमारे ४४ टक्के संभाव्य वाढ बुडाल्याचे आढळले. हा तोटा लहान नाही. परंतु भाद्रपद-आश्विनात दिसणारी जाळी वाढीचा हंगाम सरताना पडते. ती पाने पुढे गळायचीच असतात, म्हणून तिचे नुकसान त्या मानाने थोडे.

बीसन यांनी १९३४ साली सागावरील अळ्यांच्या जैविक नियंत्रणाविषयी मांडलेला विचार येथे मोलाचा ठरतो. सागाखालची झुडपे व इतर झाडे सरसकट तोडू नयेत, हा त्याचा गाभा. अळीच्या अंगात वाढणाऱ्या बारीक गांधीलमाश्यांना सागावर अळी नसते तेव्हाही जगावे लागते; त्या काळात इतर वनस्पतींवरील अळ्या त्यांना आधार देतात. अर्थात उपद्रवी अळीलाच आश्रय देणारी झाडे वगळून बाकीची राखायची, एवढा विवेक हवा.

लाकडाच्या व्यापारात सागाखेरीज सारे ‘आडजात’ म्हणून कमी भावाने मोजले जाते. जमाखर्चात ज्याची किंमत थोडी, तेच सागाचे राखणदार ठरते, हे या अभ्यासकांनी दाखवून दिले. परस्पर उपकाराचे तत्त्व ज्या घरांत लहानपणापासून कानी पडते, तेथे हे सहज उमजावे.

श्रावकाचारात पंधरा कर्मादानांमध्ये वनकर्माचा त्याग सांगितला आहे. उद्योगी हिंसा गृहस्थाला संपूर्ण टळत नाही, हेही शास्त्र जाणते. पण जी टाळता येते ती टाळणे हे त्याचे कर्तव्य आहे. यंदा बांधावरच्या सागाची जाळी दिसली, तर पंप उचलण्यापूर्वी पंचांग पाहावे. भाद्रपद उलटला असेल, तर झाडाला विषाची गरज नाही. आणि सागाच्या सोबतीला उभा असलेला पळस, धावडा, ऐन निरुपयोगी समजून तोडू नये.

एवढे पाळले गेले, तरी या तिन्ही अभ्यासकांना ती खरी आदरांजली ठरेल. त्यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.