जळिताची साक्ष आपल्याच बोलीत नोंदवा

माणदेशकरांनो, हे काम पुढच्या वर्षावर टाकू नका. 30 जानेवारी 1948 ला गांधीजींचा खून झाला, मारेकरी ब्राह्मण निघाला आणि पुढच्या काही दिवसांत सातारा-सांगली-कोल्हापूरकडं गावोगाव ब्राह्मणांची घरं पेटली. तेव्हाची दहा वर्षांची पोरं आज नव्वदीला टेकलीत. त्यांचं सांगणं त्यांच्या तोंडून, त्यांच्या बोलीत नोंदवून ठेवा.

बोलीचा आग्रह अशासाठी: जळितानंतर कितीतरी कुटुंबं पुण्या-मुंबईला गेली. त्यांची मुलं तिथल्या शाळांत माणदेशी हेल विसरली. गावात राहिलेल्यांच्या पोरांनी 'आलतं', 'न्हाई' लिहिलं की वहीवर लाल रेघ. शुद्ध बोलणारा 'त्यांच्यातला', हेल काढणारा 'आमच्यातला', अशी वाटणी मग सोपी झाली. खरं तर इथं ती लागूच पडत नाही. माडगूळच्या ब्राह्मण घरातले व्यंकटेश माडगूळकर आणि आटपाडीचे दलित लेखक शंकरराव खरात, दोघंही याच मातीतले, याच बोलीत वाढलेले. माडगूळकरांनी 'वावटळ'मध्ये जळीत मांडलं. आपण मात्र सगळ्या मुलखाची आठवण एका कादंबरीवर सोपवून मोकळे झालो.

असंच रवांडात झालं: 1994 च्या वंशसंहारात मारणारे आणि मरणारे एकच भाषा बोलत होते. 2008 मध्ये सरकारनं फ्रेंच बाजूला सारून शाळांत इंग्रजी आणली, पण त्या संहाराचा निवाडा करणाऱ्या गावोगावच्या गचाचा न्यायसभा 2012 पर्यंत लोकांच्या किन्यारवांडातच चालल्या. त्यांच्यावर टीका झाली, तीही रास्त. तरी माणसं स्वतःच्या भाषेत बोलली. आपल्याकडं तेवढंही झालं नाही.

2024 मध्ये मराठी अभिजात ठरली. त्या नावानं खर्च होणाऱ्या पैशातला वाटा अशा नोंदींना मिळालाच पाहिजे, ही शासनाकडं मागणी. पण त्याची वाट बघत बसू नका.

फोनवर रेकॉर्डिंग सुरू करा आणि गप्प बसा. आजीची भाषा सुधारू नका. ज्यांची घरं जळली त्यांना विचारा. ज्यांनी शेजाऱ्याला लपवलं, ज्यांनी नुसतं बघितलं, त्यांनाही. जमावात असलेला कुणी बोललाच तर ऐका. मात्र कुणाचं नाव निघालं तर ते व्हॉट्सअॅपवर फिरवू नका; त्याची नातवंडं त्याच गावात नांदतायत, आणि पेटवायला टपलेले आजही कमी नाहीत. पुण्यात स्थिरावलेल्या कुटुंबांनीही आपल्या म्हाताऱ्यांना बोलतं करावं.

गाव, तारीख, सांगणाऱ्याचं वय टिपा आणि त्याच्या संमतीनं एक प्रत जवळच्या वाचनालयात जपायला द्या. दहिवडी, म्हसवड, आटपाडी, जिथं असाल तिथून, येत्या रविवारी.