पटाची चौथी बाजू

उन्हाळ्याची सुट्टी लागली की चार दिवस थंड हवेच्या ठिकाणी जाण्याचे बेत घरोघरी सुरू होतात. बंगळूर नगरी सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेली आहे. तरीही एप्रिल-मेच्या उन्हात तेथील कुटुंबांची पावले सुमारे ६० किलोमीटरवरील नंदीदुर्गाकडे वळतात. १,४७८ मीटर उंचीच्या या डोंगरावर टिपू सुलतानाचा उन्हाळी महाल आहे. १९२७ साली कोल्हापूर-निपाणीच्या दौऱ्यात महात्मा गांधींची प्रकृती ढासळली, तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्यावरून त्यांनी येथेच विश्रांती घेतली होती.

या डोंगराच्या पायथ्याशी एका लहानशा बंगलीत उतरलेल्या मराठी कुटुंबाची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे. मुलगा बंगळुरास नोकरीला. त्याची पत्नी, दोन मुले आणि साताऱ्याहून आलेली वृद्ध आई असा परिवार होता. संध्याकाळी ओसरीवर पत्ते मांडले, पण वाऱ्याने ते उडू लागले. तेव्हा मुलाने खडू घेऊन फरशीवर पंचवीस घरे आखली आणि शेजारच्या कानडी मित्राकडून शिकलेला 'चौका बारा' मांडला.

हा खेळ सोपा आहे. पटाच्या चार बाजूंना चार खेळाडू बसतात. प्रत्येकाच्या चार सोंगट्या असतात. दानासाठी चार कवड्या लागतात. जितक्या उताण्या पडतील तितकी घरे पुढे जायचे. चारही उताण्या पडल्या तर चौका, म्हणजे चार. चारही पालथ्या पडल्या तर बारा, म्हणजे आठ. फुलीच्या घरात सोंगटी सुरक्षित असते. दुसऱ्याची एक तरी सोंगटी मारल्यावाचून आतल्या घरांत प्रवेश मिळत नाही, असा बहुतेक ठिकाणी नियम आहे.

आजींना पहिल्याच फेरीत 'बारा' पडले. त्यांनी आनंदाने बारा घरे मोजून सोंगटी पुढे नेली! "अगं आजी, इथे बारा म्हणजे आठ!" असे म्हणून नातू लोळून हसू लागला. आजी म्हणाल्या, "अरे, लहानपणी हाच पट आम्ही फोडलेल्या चिंचोक्यांनी खेळत होतो." दोन प्रांतांची भाषा निराळी, पण पट एकच निघाला. या खेळांचा मान म्हैसूरच्या दरबारातही मोठा होता. मुम्मडी कृष्णराज वडेयर (१७९४-१८६८) यांना पटावरील नवनवे खेळ रचण्याचा विलक्षण छंद होता.

परंतु त्या संध्याकाळी पटाभोवती आजी, बाबा आणि मुलगा असे तिघेच बसले होते. धाकटी मुलगी आजीच्या मांडीवर बसून कवड्या टाकत होती. तिने मध्येच विचारले, "ही चौथी बाजू कोणाची?" उत्तर कोणीच दिले नाही. आई आत भाकरी थापीत होती. सहलीला घर मागे राहिले होते, स्वयंपाकघर मात्र बरोबर आले होते.

वाचकहो, गांधीजींना विश्रांतीची आज्ञा करणारे डॉक्टर होते. आपल्या घरच्या गृहिणीला ती आज्ञा कोण करणार?

दुसऱ्या दिवशी बाबांनी दुपारीच सांगून टाकले, "आज रात्री नुसती खिचडी आणि ताक. भांडी मी आणि हा घासणार." आजी प्रथम नाराज झाल्या. "बायामाणसांनी खेळत बसायचं, मग घराकडे कोणी पाहायचं?" असे त्या पुटपुटल्या. पण संध्याकाळी चौथ्या बाजूला सून येऊन बसली.

खेळ रंगात आला. एका दानावर आजींची सोंगटी सुनेच्या तडाख्यात सापडली. सूनबाईंचा हात थबकला. ती दुसरीच सोंगटी उचलू लागली, तोच आजी म्हणाल्या, "मार गं! इथे कोणी सासू नाही नि कोणी सून नाही." सोंगटी मारली गेली आणि सर्वांत मोठ्याने आजीच हसल्या. पुढे दोन फेऱ्यांत त्यांनी त्याचा वचपाही काढला!

घरातील मान, वय आणि अधिकार कवड्यांना ठाऊक नसतात. म्हणूनच एरवी न बोलल्या जाणाऱ्या गोष्टी पटाभोवती सहज बोलल्या जातात. मात्र त्यासाठी काही पथ्ये पाळावीत. लहान मुलाला खूश करण्यासाठी मुद्दाम हरू नये. ते त्याच्या लक्षात येते आणि त्याची जीत फिकी पडते. हरणाऱ्याची टिंगल करू नये. आणि खेळापूर्वीची कामे सर्वांनी वाटून घ्यावीत. नाहीतर चौघांची करमणूक पाचव्याच्या श्रमावर उभी राहते.

यासाठी नंदीदुर्गालाच जावे लागते असे नाही. घरच्या गच्चीवरही खडूचा एक तुकडा आणि चार कवड्या पुरतात. या सुट्टीत आपण पट मांडाल, तेव्हा पहिले दान टाकण्यापूर्वी एकदा स्वयंपाकघराकडे पाहावे. तेथे दिवा जळत असेल, तर उठून आधी तिकडे जावे. पट तोवर थांबेल.