ग्रंथालयांनी पारख शिकवावी

जयपूरच्या मानसरोवर वसाहतीत मी सध्या राहतो. येथे दर दोन-चार गल्ल्यांआड 'लायब्ररी' अशी पाटी दिसते, मात्र आत पुस्तके जवळजवळ नसतात. वातानुकूलित खोली, फळ्या लावून अलग केलेल्या जागा, वायफाय आणि महिन्याचे भाडे, एवढाच तिचा पसारा. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले तेथे दिवसाचे दहा-बारा तास बसतात. यात हसण्यासारखे काही नाही. घरात शांत कोपरा नसणाऱ्याला बसायला जागा मिळते, ही सोयच आहे. परंतु माहिती जर हातातल्या फोनवर आपोआप येत असेल तर ग्रंथालयाने पुरवावे असे काय उरते, या प्रश्नाला बाजाराने 'खुर्ची' असे उत्तर दिले आहे. आपल्या महाविद्यालयांनी ते उत्तर मान्य करू नये, असे माझे मत आहे.

उरते ती पारख. आलेली माहिती कोणी दिली, कशाच्या आधारावर दिली, ती कोठे पडताळावी, हे समजणे म्हणजे माहिती साक्षरता. या गोष्टीची आपल्याकडे किती वानवा आहे याचा पुरावा विद्यार्थ्यांत शोधण्याची गरज नाही. तो प्राध्यापकांच्या जगातच सापडतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१७ मध्ये मान्यताप्राप्त संशोधनपत्रिकांची यादी जाहीर केली. पदोन्नतीचे गुण त्या यादीशी जोडलेले होते. विद्यापीठांनी आपापल्या शिफारशी पाठवून यादी फुगवली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील भूषण पटवर्धन, शुभदा नागरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शिफारशींतून आलेल्या पत्रिकांची छाननी केली, तेव्हा तपासलेल्यांपैकी सुमारे ८८ टक्के कमी दर्जाच्या आढळल्या. तो लेख २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये आला. त्याच वर्षी आयोगाने चार हजारांहून अधिक पत्रिका वगळल्या, नंतर 'केअर' नावाची नवी यादी आणली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद केली. आता पत्रिकेची पारख ज्या त्या संस्थेने करावयाची आहे.

प्रशासनात आयुष्य गेलेल्या माणसाला यादीचा मोह समजतो. यादी असली की निर्णयाची जबाबदारी कोणावरच राहत नाही. परंतु आठ वर्षे याद्या करून आणि मोडून झाल्यावरही पारखणारी माणसे किती वाढली, हा प्रश्न तसाच राहिला.

दुसरा मार्ग पुरवठ्याचा. 'एक राष्ट्र, एक वर्गणी' या योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, तीस प्रकाशक, सुमारे १३,००० पत्रिका आणि ६,३०० हून अधिक सरकारी संस्था असा तिचा विस्तार आहे. योजना चांगली आहे. लहान गावातल्या सरकारी महाविद्यालयाला जे कधी परवडले नसते ते तिच्यामुळे मिळाले. पण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे हर्बर्ट सायमन आठवल्यावाचून राहत नाही. माहितीचा सुकाळ झाला की अवधानाचा दुष्काळ पडतो, हे त्यांनी १९७१ मध्येच मांडले होते. शिवाय ही वर्गणी संस्थेची आहे, विद्यार्थ्याची नव्हे. पदवी घेऊन तो बाहेर पडला की दार बंद होते. ज्या साधनांवर शोध घ्यायला शिकवले तीच दुसऱ्या दिवशी हातातून जाणार असतील, तर ते शिकवणे अर्धवटच म्हणायचे.

म्हणून माहिती साक्षरता शिकवण्यासाठी ग्रंथालयांनी मुक्त शैक्षणिक साधनांचा आधार घ्यावा. 'मुक्त' आणि 'फुकट' यांत फरक आहे. फुकट साहित्य वाचता येते. मुक्त साहित्य, त्याच्या परवान्याच्या अटी पाळून, बदलता येते, भाषांतरित करता येते आणि पुन्हा वाटता येते. युनेस्कोने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेला माध्यम व माहिती साक्षरतेचा अभ्यासक्रम अशा परवान्याखाली आहे. त्यातील एखादा धडा मराठीत आणून त्यात आपल्या जिल्ह्यातले उदाहरण घालायला कोणाची परवानगी लागत नाही. मूळ श्रेय द्यावे आणि आपली प्रतही तशीच मुक्त ठेवावी, इतकेच. वर्गणीच्या इंग्रजी लेखाबाबत हे सहसा शक्य नसते.

धडा कसा असावा याचे एक उदाहरण देतो. मेकॉलेने २ फेब्रुवारी १८३५ रोजी ब्रिटिश संसदेत भाषण करून भारतात भिकारी आणि चोर दिसलेच नाहीत असे म्हटले, हा मजकूर आपल्यापैकी बहुतेकांच्या फोनवर येऊन गेला असेल. सुशिक्षित माणसेही तो अभिमानाने पुढे पाठवतात. विद्यार्थ्यांपुढे तो ठेवावा आणि शोधायला सांगावे. ब्रिटिश संसदेची जुनी कार्यवृत्ते इंटरनेटवर खुली आहेत. मेकॉलेचे शिक्षणविषयक टिपणही खुले आहे आणि त्याच्यावर तारीख नेमकी हीच आहे. मात्र त्या वेळी तो लंडनमध्ये नव्हता, भारतात होता, आणि टिपणात त्या वाक्यांचा मागमूस नाही. खरी तारीख उचलून तिच्यावर खोटा मजकूर कसा बसवला जातो, हे मुलाला एका तासात कळते. ते त्याने स्वतः शोधून काढलेले असल्यामुळे विसरतही नाही. पुण्याच्या गोखले संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाने आपली हजारो जुनी पुस्तके संगणकीय रूपात सर्वांसाठी खुली केली आहेत. त्यांतून आर्थिक इतिहासाचे असे कितीतरी धडे तयार होतील.

मुक्त साहित्याचा दर्जा कोण पाहणार, असा आक्षेप येईल. आक्षेप योग्य आहे. पण दर्जा पाहणे हाच तर अभ्यास आहे! त्याच साहित्याची परीक्षा विद्यार्थ्यांकडून करून घ्यावी. कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे अस्तित्वात नसलेल्या ग्रंथांचे संदर्भ सफाईने देऊ लागल्यापासून ही सवय टाळण्याजोगी राहिलेली नाही.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणा मराठी मंडळींना यात एक जवळचा दाखला आहे. सयाजीरावांनी १९०६ मध्ये संपूर्ण बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. वाचायला काही मिळाले नाही तर आलेली अक्षरेही विसरली जातात, हे ओळखून त्यांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावले. पुस्तकांच्या फिरत्या पेट्या गावोगाव गेल्या. पण पेट्यांवरच न थांबता १९११ मध्ये ग्रंथपालांच्या प्रशिक्षणाचा वर्गही निघाला. पुरवठ्याबरोबर माणूसही तयार करावा लागतो, ही समज त्या काळच्या कारभारात होती.

आज महाविद्यालयीन ग्रंथपालाला आयोगाच्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाची वेतनश्रेणी आहे, पण वेळापत्रकात सहसा त्याच्या नावावर एकही तास नसतो. वर्षारंभी एक उद्बोधनाचा कार्यक्रम, दोन छायाचित्रे, एक अहवाल, इतक्यात काम आटोपते. पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी आयोगाने २०१९ मध्ये संशोधन व प्रकाशन नीतीचा दोन श्रेयांकांचा, तीस तासांचा अभ्यासक्रम आवश्यक ठरवला. तो हवाच होता, मात्र तेथपर्यंत पोहोचतात किती जण? बहुतेक मुले पदवीवरच थांबतात आणि मग मानसरोवरातल्या त्या भाड्याच्या खुर्च्यांवर बसून, कोणीतरी पाठवलेली टिपणे पाठ करतात. तितकेच तीस तास पदवीच्या पहिल्या वर्षी, ग्रंथपालाच्या नावावर, मातृभाषेत आणि मुक्त साहित्यावर द्यावेत. यासाठी नवे पद निर्माण करावे लागत नाही की वित्त विभागाकडे फाइल पाठवावी लागत नाही. अभ्यासक्रमात श्रेयांक आणि कार्यभाराच्या तक्त्यात एक ओळ लागते, आणि त्याची सुरुवात विद्यापीठाची विद्यापरिषद आपल्या पुढच्याच बैठकीत करू शकते.