स्वस्तातलं 'आकाश'

५ ऑक्टोबर २०११. दिल्लीत तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकासमंत्री कपिल सिब्बल यांनी पाचशे विद्यार्थ्यांच्या हाती सात इंची पडद्याचा एकेक टॅबलेट ठेवला. नाव 'आकाश'. सरकारला तो पडला सुमारे सव्वादोन हजार रुपयांना. त्या वर्षी भारतात 'आयपॅड-२'ची किंमत सुरूच होत होती २९,५०० रुपयांपासून. म्हणजे एका आयपॅडच्या पैशात तेरा 'आकाश'! सर्वसामान्य घरातल्या पोराला याहून मोठी बातमी कोणती?

टॅबलेट पुरवणारी कंपनी होती सुनीतसिंग तुली यांची 'डेटाविंड'. कारभार कॅनडा आणि ब्रिटनमध्ये, जुळणी हैदराबादेत. हातात घेतल्यावर 'आकाश'चं पहिलं दर्शन वाईट नव्हतं. वजन जेमतेम ३५० ग्रॅम. एक वही उचलावी तसा तो उचलता येई. यूएसबीची दोन तोंडं होती. पेन ड्राइव्ह थेट खुपसावा आणि मित्राकडून आणलेल्या नोट्स उघडाव्यात. ही सोय महागड्या आयपॅडलाही नव्हती. आतली साठवण दोन जीबीच, पण वरून ३२ जीबीपर्यंतचं कार्ड घालता येत होतं. चित्रफितीही चालत.

पण कौतुक संपलं ते पडद्याला बोट लावल्यावर. महागड्या टॅबलेटचा पडदा बोटातली सूक्ष्म वीज ओळखतो. त्याला नुसता स्पर्श पुरतो. 'आकाश'चा पडदा होता दाबाचा. वरखाली दोन पातळ थर, मध्ये किंचित फट. वरचा थर दाबून खालच्याला टेकला, तरच यंत्राला हुकूम कळणार. त्यामुळे पान उलटायचं तर बोट रेटायचं, नाही उलटलं तर नख लावायचं. त्यात चिप ३६६ मेगाहर्ट्झची आणि चालू कामासाठी मेमरी २५६ एमबी. हुकूम कळला तरी तो बजावायला यंत्र वेळ घेई. बॅटरी तीन तास चालेल असा दावा होता. गावोगावी भारनियमन चालू असताना तीन तास म्हणजे किती, हे सांगायला नको. गुगलचं अ‍ॅपचं दुकानही त्यात नव्हतं. इंटरनेट हवं तर वायफाय शोधा. २०११ मध्ये तालुक्याच्या कॉलेजात वायफाय शोधायचं म्हणजे उन्हाळ्यात विहिरीचा तळ शोधण्यासारखंच!

हा सगळा दोष एकट्या कंपनीचा म्हणावा, तर तसंही नाही. खरी गोम होती किमतीत. सिब्बल यांनी जुलै २०१० मध्ये नमुना दाखवला, तोच ३५ डॉलरच्या घोषणेसह. आकडा आधी ठरला आणि यंत्र त्या आकड्यात बसवलं गेलं. दाबाचा पडदा आला तो स्वस्त म्हणून. बॅटरी लहान, तीही त्याचसाठी. मग खटके उडाले. चाचण्यांची जबाबदारी असलेल्या राजस्थानच्या आयआयटीचा आग्रह होता, की विद्यार्थ्याच्या हातातलं यंत्र पडणं-आपटणं आणि पावसाचा मारा सोसणारं हवं. कंपनीचं म्हणणं, या पैशात असल्या कसोट्या पार होणं शक्य नाही. दोघांचंही बरोबर होतं. म्हणूनच वाद मिटत नव्हता.

२०१२ मध्ये हे काम पवईच्या आयआयटी मुंबईकडे आलं. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते 'आकाश-२' बाहेर पडला. किंमत जवळपास तीच, पण पडदा नुसत्या स्पर्शाने चालणारा. चिप एक गिगाहर्ट्झची, मेमरी दुप्पट. वर्षभरापूर्वी ज्यांनी नाकं मुरडली होती, त्यांनाही हा हातात धरवत होता. त्याच महिन्याच्या अखेरीस तो न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघाच्या मुख्यालयातही दाखवला गेला.

पवईत मात्र वेगळंच काम चाललं होतं. प्रा. दीपक फाटक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यंत्राइतकाच विचार ते चालवणाऱ्याचा केला. देशभरातल्या इंजिनीअरिंग कॉलेजांतल्या प्राध्यापकांना दूरस्थ केंद्रांवर बसवून शिकवलं, त्यांच्या हाती टॅबलेट दिले. वर्गात प्रश्न विचारून मुलांची उत्तरं लगेच गोळा करता येतील, अशी साधनं तयार केली. पाटी स्वस्तात मिळेल हो, पण त्यावर काय गिरवायचं आणि ते कोण शिकवणार, हा प्रश्न पवईने विचारला. दिल्लीत तो उशिरा पोचला. २०१३ मध्ये सिब्बल यांच्यानंतरचे मंत्री पल्लम राजू यांनी यंत्राच्याच मागे लागण्यात अर्थ नाही, अशी भूमिका घेतली आणि हळूहळू 'आकाश' बातम्यांतून नाहीसा झाला.

मग सगळं पाण्यात गेलं का? तसंही म्हणता येत नाही. सामान्य माणसाच्या खिशाला परवडणारा टॅबलेट असू शकतो, हे 'आकाश'ने बाजाराला दाखवलं. पुढे सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, इंटरनेट स्वस्त झालं आणि वायफाय शोधत फिरण्याची गरज उरली नाही. पण मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा जुना प्रश्न पुन्हा दारात उभा राहिला. घरात मोबाइल एक, शिकणारी मुलं दोन आणि तो मोबाइलही वडिलांबरोबर कामावर जाणारा. तेव्हा अनेक आई-बापांनी पोटाला चिमटा काढून स्वस्तातला टॅबलेट घेतला. कुणाचा उपयोगी पडला, कुणाचा महिन्याभरात कपाटात गेला.

अशी पाळी येऊ नये म्हणून दुकानातच थोडा वेळ काढावा. दुकानदार जी झगमगती चित्रफीत लावून ठेवतो, ती कुठल्याही टॅबलेटवर छानच दिसते. त्याऐवजी बालभारतीचं किंवा 'एनसीईआरटी'चं एखादं पाठ्यपुस्तक उघडायला सांगावं. दोन्ही संस्थांची पुस्तकं इंटरनेटवर फुकट मिळतात. दहा पानं भराभर उलटावीत. अक्षर मोठं करून पाहावं. पान अडखळत असेल, अक्षरं उमटायला वेळ लागत असेल, तर यंत्र दमाचं नाही, हे तिथेच कळतं.

मग साठवण. खोक्यावर ३२ जीबी लिहिलेलं असतं, पण त्यातला बराच भाग यंत्राच्या स्वतःच्या संसाराला लागतो. सेटिंग्जमध्ये मोकळी जागा किती उरली, ते पाहावं. सुरक्षेचे अपडेट किती वर्षं मिळणार, हेही विचारावं. उत्तर मिळालं नाही, तर तेही एक उत्तरच. घरात सिनेमे पाहायचे असतील, तर 'वाइडवाइन एल-१' आहे का ते विचारावं. ते नसेल, तर पडदा कितीही चांगला असो, नेटफ्लिक्ससारख्या सेवा त्यावर स्पष्ट चित्र देत नाहीत. टॅबलेटला आणि त्याच्या चार्जरला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. 'आर'पासून सुरू होणारा तो क्रमांक दोन्हींवर शोधावा आणि ब्युरोच्या 'बीआयएस केअर' अ‍ॅपवर पडताळावा. रात्रभर उशाशी चार्ज होणाऱ्या वस्तूबाबत एवढी चौकशी हवीच.

शेवटचा प्रश्न दुरुस्तीचा. पडदा फुटला तर आपल्या गावात बदलून मिळेल का आणि कितीला? उत्तर टॅबलेटच्या निम्म्या किमतीचं आलं, तर हजार-दीड हजार जास्त घालून दुसरा पाहिलेला बरा. मुलांच्या हातातली वस्तू पडणारच, हे धरूनच हिशेब करावा.