झटका मशीन उघडा, पण घरची लाईन तारेला लागू देऊ नका



हलका धान निसवला आहे, भारी धान गर्भात आहे. आपल्या सिंदेवाही तालुक्यात रानडुकरांचे हेच दिवस. एका रात्री कळप बांधीत शिरला की सकाळी धान लोळवलेला दिसतो. जागलीला जावं तर वाघाची भीती. म्हणून धुऱ्यावर तार आणि झोपडीत झटका मशीन, हे आता नवीन राहिलं नाही. आज त्या मशीनच्या पोटात काय असते ते लिहितो. सोबत माझ्या हातून झालेली एक चूकही लिहितो. सांगायला लाज वाटते, पण सांगितलीच पाहिजे.

मागच्या वर्षी याच दिवसांत माझ्या मशीनची टिकटिक बंद पडली. दुकानदार म्हणाला, कंपनीकडं पाठवावी लागेल, पंधरा दिवस धरा. पंधरा दिवसांत डुकरं माझ्यासाठी काय ठेवतील? माझा भाचा आयटीआय शिकलेला, घरी सोल्डरिंग गन आणि मल्टिमीटर घेऊन बसणारा. त्यानं झाकण उघडलं, मीटरच्या दोन सुया एका ट्रान्झिस्टरला लावल्या, मीटर पीं करून वाजलं. "मामाजी, हा तं शॉर्ट झाला जी." शंभराच्या आतला तो तुकडा त्यानं बदलला, मागच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीला नीट कसला, उष्णता जावी म्हणून पांढरी पेस्ट लावली. संध्याकाळी टिकटिक सुरू.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे की हे काम गावात आलं पाहिजे. आपल्या आजोबांसाठी ट्रान्झिस्टर म्हणजे रेडिओ होता. आपल्यासाठी तो पिकाचा राखणदार आहे, आणि राखणदार आजारी पडला तर वैद्य गावातच हवा. कोणी म्हणेल, शेतकऱ्यानं यात हात घालू नये. पण हे यंत्रच मुळी शेतावरच्या खटपटीतून मोठं झालं. न्यूझीलंडमध्ये बिल गॅलाघर नावाच्या शेतकऱ्याचा घोडा त्याच्या मोटारीला अंग घासायचा. त्यानं १९३० च्या दशकात घोड्याला झटका बसेल अशी जोडणी घरीच केली, आणि पुढं त्यातूनच विजेच्या कुंपणाचा मोठा धंदा उभा राहिला.

आता मशीनचं पोट बघू. घरातली डास मारायची बॅट आठवा, ती याच मशीनची लहान बहीण आहे. बॅटरीची वीज एकाच दिशेनं वाहते, तिचा दाब ट्रान्सफॉर्मरनं तसाच वाढत नाही. म्हणून ट्रान्झिस्टर ती वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो. मग ट्रान्सफॉर्मर दाब वाढवतो, डायोड ती वीज परत सरळ करतो आणि कपॅसिटरमध्ये ती साठते. झटका मशीनमध्ये पुढचा एक टप्पा असतो. साधारण सेकंदाला एकदा हा साठा कॉइलमध्ये एका दमात ओतला जातो आणि तारेवर पाच ते दहा हजार व्होल्टचा ठोका जातो. टिकटिक त्याचीच.

दहा हजार व्होल्टनं माणूस मरत नाही आणि घरच्या २३० व्होल्टनं मरतो, हे कसं? उत्तर वेळेत आहे. मशीनचा ठोका डोळ्याची पापणी लवायच्या आत संपतो. मग जवळजवळ पूर्ण सेकंद तार थंड असते, तेवढ्यात जनावर मागं सरते, माणूस हात काढतो. कुंपणाच्या मशीनसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक, आयईसी ६०३३५-२-७६, हेच सांगते. दोन ठोक्यांत किमान एक सेकंद हवा, ठोका १० मिलिसेकंदांहून लांब नको, आणि ५०० ओहमच्या भारावर एका ठोक्याची ऊर्जा ५ ज्यूलच्या वर नको.

घरच्या लाईनला असा विसावा नाही. ओल्या अंगाचा अडथळा हजार ओहम धरला तर २३० व्होल्टला २३० मिलिअँपियर करंट जातो. घरातला जीव वाचवणारा ब्रेकर ३० मिलिअँपियरवरच लाईन तोडतो, यावरून समजा. स्नायू आवळतात, तार पकडलेला हात सुटत नाही, हृदयाचा ताल बिघडतो. आणि आपण उभे कुठं असतो? धानाच्या बांधीत, पाण्यात, अनवाणी.

आता माझी चूक.

भादव्यात आठ दिवस आभाळ होतं. सोलर पॅनेल काही देईना, बॅटरी उतरली. भाच्यानं जुन्या सामानातून चार्जर बनवून दिला होता. हलका, आटोपशीर, ट्रान्सफॉर्मर नसलेला. एलईडी बल्बमध्ये किंवा त्या बॅटमध्ये असतो तशी जोडणी. मी मशीन, बॅटरी, तार सगळं जागेवर ठेवलं आणि मोटरपंपाच्या खोलीतून लाईन घेऊन चार्जर लावला. मशीनची कळ बंद केली आणि तारेखालचं गवत काढायला गेलो. हात लावायच्या आधी टेस्टर लावायची सवय, म्हणून लावला. कळ बंद असूनही टेस्टरची बत्ती पेटली. लुकलुकत नव्हती, सलग पेटलेली होती.

माझे पाय तिथंच थिजले. थोड्या वेळापूर्वी बायको त्याच तारेच्या बाजूनं निंदण करत गेली होती.

भाचा आला. त्यानं चार्जरचा दोन पिनांचा प्लग काढून उलटा घातला, तर बत्ती विझली. परत फिरवला, परत पेटली. तेव्हा उलगडा झाला. ज्या चार्जरमध्ये ट्रान्सफॉर्मरनं घरची लाईन वेगळी केलेली नसते, त्यात लाईनची एक बाजू थेट बॅटरीला लागते. बॅटरीची मायनस बाजू मशीनच्या अर्थिंगला जोडलेली, कॉइलच्या वळणातून तीच बाजू तारेला जोडलेली. कळ बॅटरीची प्लस बाजू तोडते, ही वाट नाही. म्हणजे प्लग एका बाजूनं घातला तर काही नाही, दुसऱ्या बाजूनं घातला तर कुंपण आणि अर्थिंगचा रॉड दोन्ही जिवंत. तीन दिवस मी तो चार्जर वापरला होता. प्लग कोणत्या बाजूनं घातला, ते मी एकदाही पाहिलं नव्हतं.

भाच्याला दोष देत नाही. त्याला सर्किट येत होतं. ते सर्किट कुठं जोडायचं नाही, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं, आणि मी विचारलं नव्हतं.

म्हणून मी आता चार गोष्टी पाळतो, तुम्हीही पाळा.

१. बॅटरी चार्ज करायची तर मशीनवरून सोडवून घरी न्या. चार्जर आणि तार एकाच वेळी मशीनला कधीच नको. जमलं तर दुसरी बॅटरी ठेवा.

२. ठोके मोजा. घड्याळ लावून मिनिटाला ६० च्या वर गेले तर मशीन बंद. टायमरचा कपॅसिटर उन्हातान्हात सुकला की त्याची क्षमता घटते आणि ठोके भरभर पडू लागतात. लोकांना वाटते मशीन जोरात आलं. ते बिघडलेलं असते.

३. "जरा जोर वाढव" म्हणून मोठा कपॅसिटर टाकू नका. ऊर्जा म्हणजे क्षमतेची निम्मी गुणिले व्होल्टचा वर्ग. ४०० व्होल्टला १० मायक्रोफॅरडमध्ये ०.८ ज्यूल बसते, १०० मायक्रोफॅरडमध्ये ८. झटका कमी वाटतो तेव्हा आधी तारेला टेकलेलं गवत काढा आणि अर्थिंग बघा. रॉड ओलीच्या जागी खोल हवा, आणि पंपाच्या किंवा घराच्या अर्थिंगपासून किमान १० मीटर दूर.

४. मशीन बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज उरते. झाकण उघडणाऱ्यानं आधी ती रेझिस्टर लावून उतरवावी, मगच हात घालावा.

आता जे मशीनच्या भानगडीत न पडता सरळ आकडा टाकून तारेत करंट सोडतात, त्यांच्याशी बोलतो. तुमचं दुःख मला माहीत आहे. वर्षाचा धान एका रात्रीत जाते, भरपाईचे कागद फिरत राहतात. पण ती तार डुक्कर ओळखत नाही. पहाटे मासे धरायला निघालेला माणूस, रोवणीचे पैसे मागायला आलेली बाई, शेजाऱ्याचा बैल, वाघ, सगळे तिला सारखेच. वाघ मेला तर १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, आकड्याला २००३ चा वीज कायदा आहे, आणि माणूस गेला तर सदोष मनुष्यवधापर्यंत गुन्हा जातो. पण खटला सोडून द्या. ज्याच्या घरचा माणूस गेला त्याच्याच धुऱ्याला धुरा लावून तुम्हाला जन्मभर शेती करायची आहे. सौर कुंपणाला शासनाचं अनुदान मिळते. अर्ज करा, मागं लागा, तोवर चौघं मिळून एक मशीन घ्या.

शेवटी हे पान वाचणाऱ्या कृषी खात्यातल्या आणि विद्यापीठातल्या साहेबांना. आपल्या सिंदेवाहीत कृषी विज्ञान केंद्र आहे, धानाचं संशोधन केंद्र आहे. तुम्ही आम्हाला वाण दिले, तुडतुडा ओळखायला शिकवला. आता रोवणी आटोपली की एक दिवस झटका मशीनसाठी ठेवा. एका टेबलावर मीटर ठेवा, आयटीआयची पोरं बसवा. शेतकऱ्यानं आपलं मशीन आणि चार्जर घेऊन यावं, ठोके मोजून घ्यावे, चार्जर लाईनपासून वेगळा आहे की नाही ते तपासून घ्यावं. घरी बनवलेलं मशीन आणणाऱ्यावर हसू नका आणि रागावूही नका. तो लपवायला लागला तर त्याची तार कोणीच तपासणार नाही.

भाच्याचा तो चार्जर मी फेकला नाही. झोपडीत खिळ्याला टांगून ठेवला आहे, प्लग कापून. कोणी माझं मशीन बघायला आलं की आधी तो दाखवतो.